आतडं जंतांनी तुंबलं तर: जंताचं औषध आधी नाही, नंतर

संध्याकाळी सातच्या सुमारास अक्काचा फोन आला. "अगं, पोरगं सकाळपासनं ओकूलालंय. आत्ता उलटीत जंत पडला, वीतभर. काय करू?" मी तेव्हा सोलापुरात मुलांच्या सर्जरी वॉर्डात सात-आठ वर्षं काढलेली नर्स होते. पोट फुगलंय का, शी कधी झाली, वारा सरतोय का, यातलं मी एक अक्षर विचारलं नाही. "जंताचं औषध पाज आणि झोपव, सकाळी येते," एवढं बोलून फोन ठेवला. औषधाची बाटली घरातच होती.

मध्यरात्री भाच्याचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं आणि उलटी हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन करावं लागलं. आतड्यातून काढलेले जंत सर्जननी ट्रेमध्ये घालून बाहेर दाखवायला पाठवले. अक्कानं तोंड फिरवलं. मी मोजत बसले. ब्याऐंशी भरले.

औषधामुळेच ऑपरेशनची पाळी आली, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. आतडं आधीच तुंबत आलं असणार. पण त्या दिवशी मी क्रम उलटा केला हे खरं. आतडं मोकळं असताना जंताचं औषध द्यायलाच हवं. आतडं तुंबलेलं असताना तेच औषध घरी पाजणं घातक ठरू शकतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी एक खुलासा. पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचं आतडं जंतांनी तुंबलेलं नसतं. जंत हे आतडं तुंबण्याचं तसं दुर्मीळ कारण आहे. मोठ्या माणसांत जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटतात, हर्निया अडकतो, आतड्याचा टीबी निघतो. तान्ह्या बाळांत आतड्यात आतडं शिरतं. जंतांमुळे तुंबण्याचा प्रकार बहुतेक दोन ते दहा वर्षांच्या मुलांत दिसतो. ओलसर हवेच्या प्रदेशात तो जास्त. काश्मीरमधल्या सर्जननी यावर भरपूर लिहून ठेवलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि उघडी माती भाजून निघते, तिथं जंतांची अंडी फारशी टिकत नाहीत. पण मोरीच्या तोंडाशी, नळाच्या बुडाशी, झाडाच्या सावलीत ओल असते. तिथं ती कितीतरी महिने, कधी वर्षानुवर्षंही टिकतात.

जंत किती आणि कुठून

यातला गुन्हेगार म्हणजे गोल जंत, अॅस्कारिस. गांडुळासारखा, पांढुरका-गुलाबी, 15 ते 35 सेंटिमीटर लांब. खाज सुटते ते बारीक पांढरे दोऱ्यासारखे कृमी वेगळे. ते त्रास देतात, आतडं तुंबवत नाहीत. अंकुशकृमी रक्त पितात, तेही यातले नव्हेत.

गोल जंताची मादी रोज सुमारे 2 लाख अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात, पण लगेच कुणाला लागत नाहीत. ओल्या मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावरच त्यात अळी तयार होते. असं अंडं पोटात गेलं की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुफ्फुसात जाते. मग घशाशी चढते आणि थुंकीबरोबर गिळली जाऊन परत आतड्यात उतरते. अंडं गिळल्यापासून मोठा जंत अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तो जगतो एक-दोन वर्षं.

पालकांच्या डोक्यात सहसा नसलेली गोष्ट ही: हे जंत पोटात वाढून एकाचे दोन होत नाहीत. जितकी अंडी गिळली, जास्तीत जास्त तितकेच जंत. भाच्याच्या पोटात ब्याऐंशी निघाले म्हणजे निदान ब्याऐंशी अंडी तोंडावाटे पोटात गेली होती. गूळ खाऊन जंत होतात हे खोटं. रात्री दात खाल्ले म्हणजे जंत, हेही तसंच.

चार-दोन जंतांनी आतडं तुंबत नाही. ते बहुधा पन्नास-साठच्या वर गेले की एकमेकांत गुंततात आणि सुतळीच्या गुंडाळ्यासारखा गोळा होतो. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली वाट अरुंद, गोळा बहुधा तिथंच अडतो. जंतांच्या स्रावांनी आतडं आकसतं, अडथळा आणखी घट्ट होतो. गोळ्याच्या वजनानं आतड्याला पीळ बसला तर त्या भागाचं रक्त बंद होतं आणि मग वेळ तासांत मोजावी लागते.

घरी काय बघायचं

चार गोष्टी बघा. माझ्यासारखं विसरू नका.

उलटीचा रंग. सुरुवातीला खाल्लेलं बाहेर येतं. नंतर हिरवं पित्त आलं की थांबायचं नाही, निघायचं. उलटीत किंवा शौचात जंत दिसला एवढ्यावरून आतडं तुंबलंय असं होत नाही. पोटात जंत आहेत इतकंच कळतं. पण जंत दिसला आणि पोटही फुगलंय, तर संशय पक्का धरा.

शी आणि वारा. शेवटची शी कधी झाली, वारा कधी सरला? पाच वर्षांचं पोरगं स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं. दोन्ही बंद म्हणजे रस्ता बंद.

दुखणं कसं येतं. बेंबीभोवती कळ येते, पोरगं गुडघे पोटाशी घेऊन ओरडतं, मग दोन-पाच मिनिटं शांत पडतं, परत कळ. आतडं अडथळ्यावर जोर लावतंय, त्याची ही लय. लय मोडून दुखणं सलग झालं आणि पोट हात लावू देईना, तर आत काहीतरी बिघडलं.

पोट. मुलाला उताणं निजवा, गुडघे वाकवून ठेवा, हात चोळून गरम करा आणि बोटांच्या चपट्या बाजूनं हलकेच बघा. कधीकधी बेंबीच्या खाली किंवा उजवीकडे मळलेल्या कणकेसारखा, थोडा सरकणारा गोळा लागतो. नाही लागला म्हणून निश्चिंत होऊ नका. फुगलेल्या पोटात तो आम्हालाही पुष्कळदा लागत नाही. आणि लागला म्हणून दाबत बसू नका.

शौचात रक्त, लाकडासारखं कडक पोट, सहा-आठ तास लघवी नाही, ताप, पोरगं मलूल पडून डोळे खोल गेलेले, यातलं काहीही एक दिसलं तर शेजारच्यांचा सल्ला घेत बसू नका.

काय करायचं नाही

जंताचं औषध पाजायचं नाही. पायरँटेल हे सिरप सर्रास दुकानातून आणलं जातं. त्यानं जंत आखडून ताठ होतात. मोकळ्या आतड्यात हे चालतं, ताठलेले जंत वाहून जातात. तुंबलेल्या आतड्यात मात्र ताठ जंतांचा गोळा म्हणजे बूचच. अल्बेंडाझोल हळू काम करतं, दोन-तीन दिवसांत जंत मरतात, पण मेलेल्या जंतांना बाहेर पडायला वाट हवी ना.

एरंडेल नको. इसबगोल, जुलाबाच्या गोळ्या, वावडिंगाचा काढा, काही नको. आपल्या आज्यांचा एरंडेलावर फार भरवसा, आणि बद्धकोष्ठाला ते बरंही असेल. पण पुढं दार बंद असताना मागून लोटलं तर भिंत फुटते.

पोट चोळायचं नाही. "बेंबी सरकली" म्हणून चोळणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. पीळ पडलेलं आतडं चोळण्याचा परिणाम मी टेबलावर पाहिलाय. घरी एनिमाही द्यायचा नाही. दवाखान्यात देतात तो मोजूनमापून आणि कुठल्या मुलाला द्यायचा नाही हे तपासून.

दृष्ट काढायची तर काढा, त्याला दोन मिनिटं लागतात. मिरच्यांचा धूर मात्र पोराच्या नाकाशी नको.

आणि खायला-प्यायला काही नाही. हे सगळ्यांत अवघड. तहानेनं पोरगं रडतं, जीव तुटतो. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून ओठांना लावा, तोंड ओलं ठेवा, बस्स. पाणी त्याला शिरेतून मिळणार आहे.

निघताना

108 ला फोन करा किंवा रिक्षा बघा, जे आधी मिळेल ते. जिथं मुलांचे सर्जन, एक्स-रे आणि सोनोग्राफी रात्रीही मिळते अशाच ठिकाणी जा. सोलापूर शहरात असाल तर सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, सगळ्यांना माहीत आहे. करमाळा-सांगोल्याकडून यायचं तर जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी सलाइन लावून घ्या आणि लगेच पुढं पाठवायला सांगा. एवढा लांबचा रस्ता कोरड्या अंगानं काढू नका.

जंत पडला असेल तर झाकणाच्या बाटलीत घालून आणा, निदान मोबाइलवर फोटो काढा. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, शी कधी, उलट्या किती, घरी कुठलं औषध दिलं, हे कागदावर लिहा. औषध दिलं असेल तर लपवू नका. आम्ही रागावतो हे खरं, पण न कळण्यापेक्षा ते बरं. आधार आणि रेशन कार्ड पिशवीत टाका; ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

दवाखान्यात काय होतं

आधी सुई लागते, सलाइन सुरू होतं, त्याच सुईतून रक्त घेतात. सोडियम-पोटॅशियम बघायचं असतं. उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की आतडं आणखी सुस्त पडतं. मग नाकातून पोटात नळी. आईबापांना ही नळी बघवत नाही. घालताना पोरगं ओरडतं, खरं आहे. पण अर्ध्या तासात पिशवीत हिरवं पाणी जमू लागतं, उलट्या थांबतात आणि तेच पोरगं झोपतं. कधी नळीवाटे जंतही वर येतो. घाबरू नका, आम्हाला सवय आहे.

एक्स-रेचा फोटो उभ्यानं काढतात. तुंबलेल्या आतड्यात वर हवा, खाली पाणी अशा पातळ्या पायऱ्यांसारख्या दिसतात. जंतांचा गोळा असेल तर विड्यांच्या कट्ट्यासारख्या रेघा. विडी घरकुलातल्या, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बाया फोटो बघून हे आमच्या आधी ओळखतील, असं मी गमतीनं म्हणायची. सोनोग्राफीत प्रत्येक जंत रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघांचा दिसतो, आणि जिवंत असेल तर हलताना दिसतो.

बहुतेक मुलांना यापुढे ऑपरेशन लागत नाही. सलाइन, नळी, आकस कमी करणारं इंजेक्शन, गरज वाटली तर मिठाच्या तीव्र पाण्याचा एनिमा आणि वाट पाहणं. पूर्वी नळीतून पिपराझिन देत. त्यानं जंत ढिले पडतात, ताठ होत नाहीत, म्हणून ते चालायचं. आता सगळीकडे मिळत नाही, आणि द्यायचं की नाही ते सर्जननं ठरवायचं. वाट पाहणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. दर काही तासांनी पोट तपासतात, नाडी मोजतात, बेंबीच्या पातळीवर टेपनं घेर घेतात. एकाच जागी घेर यावा म्हणून आम्ही कमरेवर पेनानं खूण करतो. ती पुसू नका.

तुमचं काम इतकंच: वारा सरला की लगेच सांगा. लाजू नका. त्या वॉर्डात वारा सरल्याची बातमी दहावीच्या निकालासारखी ऐकली जाते.

आणि चोरून काही भरवू नका. एकदा एका मुलाच्या नळीच्या पिशवीत हिरव्या पाण्याऐवजी तपकिरी गाळ दिसू लागला. रक्त की काय म्हणून धावपळ झाली. डॉक्टर आले, पिशवी उजेडात धरली. आजी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेली. पदराखाली चहाचा कप, त्यात बुडवून अर्धं खाल्लेलं बिस्कीट. "उपाशी पोरगं बघवंना, बाई." तिच्यावर ओरडायचं माझ्या जिवावर आलं, पण ओरडले.

ऑपरेशन कधी

पोट कडक झालं, शौचात रक्त आलं, नाडी वाढतच चालली, गोळा एकाच जागी रुतून बसला, पीळ किंवा छिद्राचा संशय आला, तर वाट पाहत नाहीत. यातलं काही नसलं तरी 24 ते 48 तासांत वाट मोकळी होत नसेल तर पोट उघडतात. सही मागायला आले की तासभर नातेवाइकांना फोन करत बसू नका.

आत काय करतात? आतडं चांगलं असेल तर सर्जन बोटांनी गोळा हळूहळू पुढं सारत मोठ्या आतड्यात नेऊन सोडतात, गाईचं दूध काढताना बोटं सरकतात तसे. तिथून जंत एनिमानं किंवा आपोआप निघतात. गोळा हलेना तर आतड्याला छोटी चीर देऊन जंत काढतात आणि टाके घालतात; भाच्याचं असं केलं. काळं पडलेलं आतडं तेवढं कापून टोकं जोडावी लागतात, क्वचित काही आठवडे पोटावर शौचाची वाट काढावी लागते. ती पुढं बंद करतात.

मोकळं झाल्यावर

वारा सरला, शी झाली, नळी निघाली, आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. आता जंताचं औषध. कधी आणि कोणतं, ते डॉक्टर लिहून देतील, साधारण अल्बेंडाझोलच. त्यानंतर काही दिवस शौचात जंत पडतात, कधी पाच, कधी वीस. ते संडासातच टाका. मेलेल्या मादीच्या पोटातही अंडी असतात, तिला परसात किंवा गटारात फेकलं की पुढच्या पावसाळ्याची सोय झाली.

त्या वेळी फुफ्फुसात फिरत असलेल्या अळ्यांवर औषध पोचत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून शौचाची तपासणी किंवा दुसरा डोस. हे लोक हमखास विसरतात. घरातल्या बाकीच्या मुलांचंही त्याच वेळी विचारा. एका वर्षाखालच्या बाळाला स्वतःच्या मनानं द्यायचं नाही. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत नको, नंतरही विचारूनच. पोरगं माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असलं की ती ओढ लागते आणि मातीतून परत जंत.

घरात

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्या घरात "वाहत्या पाण्याखाली भाजी धुवा" हा सल्ला म्हणजे चेष्टाच. पण जंताचं अंडं चिकट असतं. भाजी नुसती बुडवून काढली तर अंडं सुटत नाही, घासावं लागतं. मी दोन पातेली ठेवते. पहिल्यात पानं हातानं चोळून खळखळवते, गाळ खाली बसू देते आणि भाजी वरून उचलते; पाणी ओतून गाळत नाही, नाहीतर गाळ परत भाजीवरच. दुसऱ्यात तसंच. मग चाळणीत धरून वरून दोन तांबे. ते सगळं पाणी संडासात टाकायला होतं, वाया जात नाही.

शिजवलेल्या भाजीची चिंता नाही, उकळल्यावर अंडं मरतं. प्रश्न कच्च्याचा. भाकरीबरोबर आपल्याला मेथीचं घोळाणं लागतं, कांद्याची पात, मुळा, वरून कोथिंबीर. सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः सोडलं नाही. पण गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीचा संशय असेल तर ती कच्ची नको. पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकता ते जंतूंसाठी चांगलंच, अंड्यावर मात्र त्यांचा भरवसा नाही. ओढणीनं गाळूनही खात्री नाही. मुलांचं पाणी उकळा.

हुरड्याच्या दिवसांत एक गंमत बघा. आगटीतून कणीस काढलं की मोठी माणसं तळहातावर चोळून दाणे मुलांच्या ओंजळीत टाकतात. तो तळहात सकाळपासून रानातली माती, ढेकळं, बांध धरून आलेला असतो. कणीस गरम असतं, हात नसतो. आगटीशेजारी पाण्याची कळशी आणि साबणाची वडी ठेवली की झालं. शेंगदाण्याची चटणी विसरत नाही, तशी साबणाची वडीही विसरू नका.

नखं कापा, चपला घाला, संडास वापरा, हे सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते: लहान मुलाची शी कागदात गुंडाळून उकिरड्यावर किंवा नालीत जाते, कारण "लहान्याची शी ती काय". अंडी त्यातच सगळ्यांत जास्त. ती संडासात टाका.

2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. आपल्याकडे तारीख कधी मागंपुढं होते, अंगणवाडीताईंना विचारा. 1 ते 19 वर्षांपर्यंत सगळ्यांना शाळेत किंवा अंगणवाडीत फुकट गोळी मिळते. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. वर्षातून दोनदा गोळी पोटात गेली की जंत सहसा पन्नास-साठपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी ती चुकवू देत नाही. पण त्याच दिवशी पोराला उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, ताप असेल, तर गोळी घेऊ नका. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये असं त्यांच्या सूचनांतही आहे. आठवडाभरानं राहिलेल्या मुलांसाठी परत एक दिवस असतो. अंगणवाडीत नाव लिहून ठेवायला सांगा आणि पोराला आधी डॉक्टरांना दाखवा.